वजन खाली ठेवल्यानंतर

रात्री साडेआठ-नऊ वाजले की जुन्या सोलापुरातल्या जिमची खरी गर्दी सुरू होते. शुक्रवार पेठेसारख्या वस्तीत दुकानांची शटर तेव्हा खाली येत असतात. यंत्रमागावरची पाळी संपवून कुणी आलेला असतो, कुणी दिवसभर गोदामात टॉवेल-चादरींचे गठ्ठे टेम्पोत चढवलेले असतात, कुणी काउंटरमागे बारा तास उभा असतो. अंगातला शर्ट बदलायचा आणि थेट बेंचप्रेसखाली शिरायचं. शेवटच्या दोन रेपला पार्टनर डोक्याशी उभा राहून ओरडतो, बार थरथरत वर जातो आणि प्लेटा आपटल्याचा आवाज होतो.

बाहेर कट्ट्यावर चर्चा होते ती किती किलो उचलले याची. जिममधला तो तास सोडला तर दिवसाचे तेवीस तास उरतात. त्यात पोरगा किती झोपला, काय जेवला आणि उद्या पुन्हा तोच स्नायू रगडणार आहे की त्याला मोकळा सोडणार आहे, हे कुणी विचारत नाही. जड वजनाचा व्यायाम लागू पडणार की अंगावर येणार, हे मात्र या तेवीस तासांतच ठरतं.

शरीरात काय होतं ते आधी पाहू. जड वजनाने स्नायूंच्या तंतूंवर ताण येतो आणि काही ठिकाणी सूक्ष्म इजाही होते. सेट संपला त्या क्षणी माणूस आधीपेक्षा कमकुवतच झालेला असतो. वाढ नंतर होते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५ मध्ये नियमित व्यायाम करणाऱ्या तरुणांच्या दंडाच्या स्नायूंत नवी प्रथिनं किती वेगाने तयार होतात ते मोजलं. व्यायामानंतर चार तासांनी हा वेग सुमारे ५० टक्क्यांनी वाढलेला होता, चोवीस तासांनी दुपटीच्या वर गेला होता आणि छत्तीस तासांनी जवळपास पूर्ववत झाला होता. व्यायामाची सवय नसलेल्यांवर पुढे झालेल्या एका अभ्यासात अठ्ठेचाळीस तासांनंतरही हे काम चालूच असल्याचं दिसलं. म्हणजे सोमवारी रात्री मारलेल्या ‘चेस्ट’ची खरी फलश्रुती मंगळवारी, बुधवारी घडत असते. मंगळवारी पुन्हा त्याच छातीवर बसलं, तर अर्धवट बांधकामावरच घाव पडतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकतं, त्याचं खापर अनेक ट्रेनर अजूनही लॅक्टिक अ‍ॅसिडवर फोडतात. व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट तासाभरात रक्तातून निघून जातं. ठणका त्याचा नसतो. अनोळखी ताणामुळे स्नायूंत झालेली बारीक इजा आणि तिच्या दुरुस्तीसाठी आलेला दाह, हे त्याचं कारण. अंग दुखलं म्हणजेच व्यायाम लागू झाला, हा समज तेवढाच चुकीचा आहे. सांध्यांच्या आसपासचे स्नायुबंध आणि अस्थिबंध स्नायूंपेक्षा कितीतरी सावकाश बळकट होतात. तीन महिन्यांत दंड फुगतो. खांदा आणि कोपर मात्र अजून मागेच असतात. उत्साही पोरांच्या तक्रारी बहुतेक तिथूनच सुरू होतात.

विश्रांतीचं हे गणित वैद्यकशास्त्रालाही अनुभवातूनच उमगलं. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या अमेरिकी सैनिकांसाठी डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी क्रमाक्रमाने वजन वाढवत नेण्याची पद्धत बसवली. १९४५ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली, तेव्हा दहा-दहा रेपचे सात ते दहा सेट त्यांना योग्य वाटत होते. पुढे रुग्णांचा अनुभव पाहून त्यांनी आणि आर्थर वॉटकिन्स यांनी तो आकडा बराच खाली आणला. एकूण वीस ते तीस रेप, म्हणजे दोन-तीन सेट, अधिक चांगले ठरतात, असं त्यांनी १९४८ मध्ये लिहिलं. आज प्रत्येक जिममध्ये ‘दहाचे तीन’ म्हणून जी पद्धत चालते, तिची मुळं तिथे आहेत.

१९७० च्या दशकात ‘नॉटिलस’ यंत्रांचा निर्माता आर्थर जोन्स आणि त्याच्या विचाराने भारावलेला शरीरसौष्ठवपटू माइक मेंट्झर यांनी दुसरं टोक गाठलं. सेट अगदी थोडे, पण प्रत्येक सेट असा की पुढचा रेप निघूच नये. आणि मग भरपूर विश्रांती. पुढे सहा वेळा ‘मिस्टर ऑलिम्पिया’ झालेला डोरियन येट्सही याच वळणाचा. या पद्धतीवर वाद आहेत आणि बहुतेक अभ्यासक आज तिच्यापेक्षा थोडे जास्त सेट सुचवतात. पण तिच्यातली एक अट प्रामाणिक होती: जोर जितका टोकाचा, तितकी विश्रांती मोठी. आपल्याकडच्या जिममध्ये नेमकी हीच अट गळाली आहे. प्रत्येक सेट दम संपेपर्यंत मारायचा हे मेंट्झरकडून उचललं, एका स्नायूला वीस-पंचवीस सेट हे दुसऱ्या कुणाकडून, आणि आठवड्याचे सहा दिवस यायचं हे फी वसूल करण्याच्या हिशेबातून. तिन्हींचा भार एकाच शरीराने सोसायचा असतो.

महाराष्ट्रातल्या तालमीत हा घोळ कमी होता. पहाटे उठून जोर-बैठका, मग आखाड्यात लढती, त्यानंतर खुराक आणि दुपारची गाढ झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत आणि रात्री लवकर अंथरूण. मेहनत प्रचंड असायची, पण वस्तादाच्या नजरेखाली झोप आणि मालिश हीसुद्धा त्याच दिनक्रमाची कलमं होती. पैलवान दुपारी झोपला म्हणून त्याला कुणी आळशी म्हणत नसे.

विश्रांती हिरावली गेली की काय होतं, याचं एक दुखरं उदाहरण मराठी माणसाच्या ओळखीचं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या बँटमवेट गटात लढले. जपानच्या शोहाची इशीशी झालेली दमछाक करणारी लढत संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभं राहायला सांगण्यात आलं. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता. तो दाखवून भांडायला भारतीय पथकातलं कुणी तिथे हजर नव्हतं. थकलेले खाशाबा ती लढत हरले. इशीला सुवर्ण आणि मम्मदबेयोवला रौप्य मिळालं. खाशाबांचं कांस्यपदक स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरलं. तो अर्धा तास मिळाला असता तर पदकाचा रंग बदलला असता का, हे सांगता येत नाही. पण तो त्यांच्या हक्काचा होता आणि मिळाला नाही, ही सल वाटायलाच हवी.

सोलापूरकरांनी तर विश्रांतीचं हे तत्त्व दर जानेवारीत डोळ्यांनी पाहिलेलं आहे. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. शहरातल्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, होमाच्या दिवशी नागफणी बांधलेला नंदीध्वज पेलायचा असतो. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त तो उंच, जड, वरच्या टोकाला झोके खाणारा ध्वज अंगावर घेतात तेव्हा कंबर, मांड्या, पाठ आणि खांदे सगळे एकदम कामाला लागतात. कुठल्याही डेडलिफ्टइतकीच ती कसोटी आहे. तिची तयारी यात्रेच्या कितीतरी आधीपासून सरावाने होते, आणि मिरवणुकीत ध्वज एका खांद्यावरून दुसऱ्याकडे जात राहतो. पेलणारा पुरता मोडेपर्यंत कुणी वाट पाहत नाही. श्रद्धेच्या कामातही माणसाच्या ताकदीची मर्यादा मानली जाते, यात शहाणपण आहे.

आता पेठेतल्या एखाद्या तरुणाचा आठवडा मांडून पाहू. समजा, तो बावीस वर्षांचा आहे, वजन साठ किलो, आणि दिवसा गोदामात हमाली करतो. त्याच्या पाठीने आणि पायांनी संध्याकाळपर्यंत बरंच वजन उचललेलं असतं. कार्यालयात खुर्चीवर बसणाऱ्यासाठी लिहिलेला सहा दिवसांचा तक्ता त्याने मोबाइलवरून उतरवून घेतला, तर तो दुप्पट पाळी करतोय असंच म्हणावं लागेल. त्याला आठवड्यातून तीन दिवस पुरेत: सोमवार, बुधवार, शुक्रवार. प्रत्येक वेळी सगळ्या अंगाचे चार-पाच मोठे व्यायाम आणि प्रत्येकाचे दोन-तीन खणखणीत सेट. एखाददुसरा रेप शिल्लक असतानाच बार ठेवायचा, कारण दर सेट दम संपेपर्यंत नेला की सावरायला एक-दोन दिवस जास्त लागतात आणि त्या मानाने फायदा फारसा वाढत नाही. स्क्वॉट, डेडलिफ्टसारख्या जड सेटांमध्ये दोन-तीन मिनिटं निवांत थांबायचं. स्नायूतला तातडीचा इंधनसाठा भरून यायला तेवढा वेळ लागतो, त्यामुळे मागे रांगेत उभ्या असलेल्याने घाई करू नये. ज्या दिवशी गोदामात दोन ट्रक रिकामे केले, त्या दिवशी पायांचा व्यायाम पुढे ढकलला तर काही बिघडत नाही.

सुट्टी घेतली की कमावलेलं सगळं जाईल, ही भीती या मुलांच्या मनात फार खोल असते. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांनी सोळा आठवडे आठवड्यातून तीनदा पायांचा व्यायाम केला आणि नंतर बत्तीस आठवडे तो फार कमी केला. विशी ते पस्तिशीतल्या मंडळींनी फक्त एक नवमांश व्यायामावर कमावलेले स्नायू टिकवून धरले. साठीच्या पुढच्यांची ताकद बऱ्यापैकी राहिली, पण स्नायूंचा आकार मात्र ओसरला. तेव्हा दर सहा-आठ आठवड्यांनी एक आठवडा निम्म्यावर आणला, किंवा घरच्या लग्नात चार दिवस गेले, तर घाबरण्याचं कारण नाही.

खुराकाची काळजी सोलापुरात तरी महागड्या डब्याविना मिटू शकते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सामान्य प्रौढासाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. जड व्यायाम करणाऱ्याला साधारण १.६ ग्रॅमपर्यंत फायदा होतो, असं अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं. साठ किलोच्या आपल्या तरुणाला म्हणजे ९५ ग्रॅमच्या आसपास हवीत. दोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून २० ग्रॅम मिळतात, चार अंड्यांतून २४, अर्धा लिटर दुधातून १६, साठ ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे १५ आणि पन्नास ग्रॅम डाळीतून १०. वर वाटीभर दही आणि मटकीची उसळ घेतली की बेरीज जुळते. शेंगा चटणीच्या गावात राहून पोटाला चिमटा काढत पावडरीचे हप्ते भरणारी मुलं पाहिली की वाईट वाटतं.

झोपेचा प्रश्न याहून अवघड आहे. रात्री दहाला व्यायाम संपवून साडेअकराला जेवायचं, मोबाइल बघत एक वाजवायचा आणि सहाला नळाचं पाणी भरायला उठायचं, असा दिवस असेल तर पाच तास हाती लागतात. शिकागोतल्या संशोधकांनी निरोगी तरुणांना एक आठवडा रोज पाचच तास झोपू दिलं, तेव्हा त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. टेस्टोस्टेरॉन वाढवण्याच्या गोळ्या विकत घेणाऱ्याने आधी एक तास लवकर अंथरुणात शिरावं. शक्य असेल त्याने व्यायामच संध्याकाळी लवकर किंवा पहाटे उरकावा.

उन्हाळ्यात यात आणखी एक भार मिसळतो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार असतो आणि पत्र्याखालची जिम रात्रीही धगधगते. व्यायामाआधी आणि नंतर काट्यावर उभं राहावं. किलोभर वजन उतरलं तर लिटरभर पाणी अंगातून गेलं असं समजावं. त्या दिवसांत सेट कमी करावेत, ताक आणि मीठ-लिंबाचं पाणी जवळ ठेवावं.

थकवा दडपण्याचा एक धंदा मात्र गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात फोफावला आहे आणि पोलिसांच्या कारवायांमुळे तो वारंवार उघड होतो. मेफेंटरमाइन सल्फेट हे भूल दिलेल्या रुग्णाचा घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी वापरायचं इंजेक्शन. ते जिममध्ये ‘ताकदीचं’ म्हणून विकलं जातं. त्याने ताकद येत नाही. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, दमल्याची जाणीव मरते आणि सवय लागते. थांब म्हणून सांगणारी शरीराची यंत्रणाच बंद पडल्यावर माणूस कुठवर जाईल याचा भरवसा नसतो.

ती यंत्रणा शाबूत असेल तर ती बरंच आधी बोलते. सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी नेहमीपेक्षा काही दिवस सलग वाढलेली राहते, मागच्या महिन्यात सहज निघालेलं वजन जड वाटतं, झोप उडते, चिडचिड होते, सर्दी हटत नाही. अशा वेळी आठवडाभर हलकं घ्यावं. फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावं.

एका लक्षणासाठी मात्र आठवडा काय, रात्रही थांबायचं नसतं. लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं काही दिवसांनी मूत्रपिंडं बंद पडून दगावत. १९४१ मध्ये एरिक बायवॉटर्स आणि सहकाऱ्यांनी त्या रुग्णांचं वर्णन केलं. चिरडलेल्या स्नायूंतली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडावर घाला घालतात, असं पुढे स्पष्ट झालं. अतिरेकी व्यायामानेही हेच होऊ शकतं, विशेषतः उन्हाळ्यात, पहिल्याच आठवड्यात किंवा मोठ्या खंडानंतर एकदम शेकडो बैठका मारल्यावर. मांड्या दगडासारख्या सुजल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर घरगुती लेप लावत बसू नये. त्याच वेळी रुग्णालय गाठावं आणि आपण काय व्यायाम केला, किती केला, सोबत काय टोचून किंवा पिऊन घेतलं, हे डॉक्टरांना न लाजता सांगावं.