पांढुर्णा-सौंसरमध्ये नवीन घर मांडताना

सीमेवरच्या गावाचा स्वभाव

पांढुर्ण्यात बदली होऊन येणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा मध्य प्रदेशचा स्वतंत्र जिल्हा झाला. छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके काढून तो केला. कलेक्टर कार्यालय आलं, पोलीस अधीक्षक आले, त्यांच्यामागे बाबू, शिक्षक, बँकवाले आले. सौंसरकडे बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रामुळे बाहेरची माणसं आधीपासून येतातच. रेमंडची कापड गिरणी तिथलीच.

महाराष्ट्रातून येणाऱ्याला इथे पहिले काही दिवस आपण परराज्यात आलो असं वाटतच नाही. दुकानात मराठी, गल्लीत मराठी, भिंतीवर कालनिर्णय. मग एखाद्या दिवशी तो दाखला काढायला जातो आणि अर्जाचा पहिला रकाना वाचूनच थबकतो. गाव मराठी आणि कागद परराज्याचा, याचं मूळ १९५६ मध्ये आहे. तोवर मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हा भाग तिच्या अंगणात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. तेव्हापासून इथला कागद भोपाळ-जबलपूरकडे जातो आणि माणूस लग्नाला, दवाखान्याला, खरेदीला नागपूरकडे जातो. कोणतं काम कुठल्या दिशेला जातं हे नव्या माणसाला जितकं लवकर कळेल, तितका त्याचा त्रास कमी होईल.

किरायाचं घर

घर शोधायला दलाल क्वचितच लागतो. किराणा दुकानदार, शाळेतले सर, ऑफिसातला जुना शिपाई यांना सांगून ठेवलं की दोन-चार घरं कळतात. पाहायला जाताना घरातली बाईमाणसं सोबत असली तर बोलणं लवकर जुळतं. घरमालक आधी गाव विचारतो, मग आडनाव, मग तुमच्या गावातली कोणीतरी ओळखीची माणसं. याचा राग धरू नये. ओळखीचा एखादा धागा सापडेपर्यंत त्यालाही चैन पडत नाही, आणि तो सापडला की अ‍ॅडव्हान्सची रक्कमही थोडी खाली येते. जातीवरून घर नाकारल्याचा अनुभव मात्र इथेही येतो. ते चुकीचंच आहे, आणि तसं घर सोडून पुढचं बघावं.

घर पक्कं करण्याआधी तीन गोष्टी घरमालकाला न विचारता शेजाऱ्यांना विचाराव्यात: नळ किती वाजता येतो आणि किती वेळ असतो, उन्हाळ्यात बोअरचं पाणी टिकतं का, आणि विजेचं मीटर वेगळं आहे की एकत्र. किरायदाराची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. तो फॉर्म मालकाकडून पहिल्याच आठवड्यात भरून घ्यावा. गॅसचं कनेक्शन जुन्या गावाहून ट्रान्सफर करूनच निघावं, नाहीतर पहिले पंधरा दिवस शेजारच्या काकूंच्या सिलेंडरवर निघतात.

समग्र आयडी आणि बाकीचे कागद

महाराष्ट्रातून आलेल्याला सगळ्यांत अनोळखी कागद म्हणजे समग्र आयडी. मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबाला आठ अंकी आणि कुटुंबातल्या प्रत्येकाला नऊ अंकी क्रमांक असतो. मुलाचा शाळाप्रवेश, शिष्यवृत्ती, रेशन, सरकारी योजना, कुठेही गेलात तरी खिडकीवरचा पहिला प्रश्न हाच असतो. त्यामुळे बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हा काढावा. शहरात नगरपालिका आणि खेड्यात ग्रामपंचायत तो देते. अर्ज एमपी ऑनलाइनच्या दुकानातूनही होतो. आधारवरचा पत्ता आधी बदललेला असेल तर काम सरळ होतं. आधारवर आणि समग्रवर नावाचं स्पेलिंग वेगळं पडलं तर पुढे प्रत्येक ठिकाणी अडतं, म्हणून दुकानदार टाइप करत असताना शेजारी उभं राहून एकेक अक्षर तपासावं.

आपल्याकडे जे काम सेतू केंद्रात होतं ते इथे लोकसेवा केंद्रात होतं. मध्य प्रदेशने २०१० मध्येच लोकसेवा हमीचा कायदा केला, देशात सर्वांत आधी. या कायद्यातल्या सेवेसाठी अर्ज दिला की मिळणाऱ्या पावतीवर काम कधीपर्यंत होणार याची तारीख असते. ती पावती जपून ठेवा. तारीख उलटली तर अपील करता येतं, आणि सीएम हेल्पलाइनच्या १८१ या क्रमांकावर तक्रारही नोंदवता येते. लोक हा क्रमांक सर्रास वापरतात, नव्या माणसानेही संकोच करू नये.

जमिनीशी संबंध येणार असेल तर तलाठ्याच्या जागी पटवारी, सातबाऱ्याच्या जागी खसरा-बी१ आणि फेरफाराच्या जागी नामांतरण लक्षात ठेवावं. मतदार यादीत नाव हलवायला नमुना ८ भरायचा असतो; नवीन नोंदणीचा नमुना ६ भरून दोन ठिकाणी नाव ठेवू नये.

गाडीचं प्रकरण जरा लांबतं. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, म्हणून सामान हलवतानाच ते मागून घेतलं तर पुढचा एक हेलपाटा वाचतो. उरलेल्या रोड टॅक्सचा परतावा जुन्या राज्याकडून मागता येतो. बहुतेक जण कंटाळून तो सोडून देतात, ते करू नये.

नवीन जिल्हा असल्याने सगळीच खाती एका दिवसात इथे आलेली नाहीत. निघण्याआधी फोन करून काम पांढुर्ण्यात होईल की छिंदवाड्याला जावं लागेल, एवढं विचारून घ्यावं. सौंसरवाल्यांसाठी तर हे फारच महत्त्वाचं, कारण दोन्ही गावं वेगवेगळ्या दिशांना आहेत.

मुलांची शाळा

इथे शाळेचं सत्र १ एप्रिलला सुरू होतं. विदर्भातल्या सवयीने जूनच्या शेवटी प्रवेशाला गेलं तर वर्ग सुरू होऊन गेलेले असतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जुन्या जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी अनेक शाळा मागतात. ती तिथून निघतानाच घ्यावी.

मुलांचं मराठी बोलणं इथे टिकतं, वाचणं मात्र मागे पडतं. शाळा बहुतेक हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाच्या. घरी आजीशी अस्खलित मराठी बोलणारी, पण मराठी पुस्तक हातात दिलं की ‘ळ’पाशी अडखळणारी पोरं मी इथे खूप पाहिली आहेत. लिपी एकच असल्याने त्यांना आठवड्यातून एखादी गोष्ट मोठ्याने वाचायला लावणं पुरतं. हे काम शाळेवर सोडता येत नाही, आईबापांनीच करायला हवं.

नागपूरला जायचं तर

पांढुर्णा नागपूर-इटारसी या मुख्य रेल्वेमार्गावर आहे, आणि नागपूर साधारण शंभर किलोमीटर. सौंसरला पूर्वी छिंदवाडा-नागपूर छोटी गाडी होती. ती २०१५ च्या अखेरीस बंद झाली, रूळ रुंद झाले आणि आता इतवारीपर्यंत मोठी गाडी जाते. जुनी माणसं त्या छोट्या गाडीच्या आठवणी सांगायला बसली की तास सहज जातो. ऐकाव्यात, कारण कुठल्या स्टेशनावर कोणाचं काय होतं हा या भागाचा इतिहास अजून त्यांच्या तोंडीच आहे.

महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना मिळणारी अर्ध्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे. कंडक्टरने सीमेपुढचं पूर्ण भाडं मागितलं तर तो फसवतो आहे असं समजू नये. दवाखान्यासाठी आयुष्मान कार्ड असेल तर ते नागपुरातही चालतं, पण तो दवाखाना योजनेत आहे का हे निघण्याआधी पाहावं.

शेजार

पुण्या-मुंबईकडून आलेल्याला इथला शेजार सुरुवातीला अंगावर येतो. दार उघडं दिसलं की बाई आत येतात. “काऊन वो, सामान लागलं का नाही अजून? काय सैपाक केला?” असं सरळ विचारतात. या प्रश्नांत चौकशी असते तशी जबाबदारीही असते. ज्या बाईने तुमचा स्वयंपाक विचारला तीच तुम्ही गावाला गेल्यावर नळाचं पाणी भरून ठेवते आणि आलेलं पार्सल सांभाळते. उत्तर देताना तिचाही स्वयंपाक विचारावा, म्हणजे संध्याकाळी एक वाटी येते: पातोडीचा रस्सा, कढीगोळे नाहीतर अंबाडीची भाजी. वाटी रिकामी परत करत नाहीत, निदान साखर तरी घालतात.

भाजीवाल्याकडे सांबार मागितला की कोथिंबीर मिळते, फल्ली म्हटलं की शेंगदाणे. आसपासच्या गावांतून आलेले भोयर-पवार आपसात पवारी बोलतात. ती ऐकताना अर्धी कळते, अर्धी निसटते. लाजू नये, विचारावं. आपली बोली कोणी शिकू पाहतंय याचा लोकांना मनापासून आनंद होतो.

भाद्रपदात घरोघरी महालक्ष्म्या बसतात, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातल्या गौरी. जेवणाचं आमंत्रण ओळख नसतानाही येतं. जावं. वर्षभर अडून बसलेला शेजार त्या एका पंगतीत मोकळा होतो. सौंसरजवळच्या जामसावळीला निजलेल्या हनुमानाचं मंदिर आहे. शनिवारी-मंगळवारी तिथे गर्दी असते. गल्लीतली चार घरं मिळून एक गाडी करून जातात, आणि नव्या बिऱ्हाडाला हमखास विचारतात.

पोळ्याचा दुसरा दिवस

पांढुर्ण्यात आलेल्याने हा दिवस आधीच माहीत करून घ्यावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, विदर्भात जेव्हा तान्हा पोळा असतो तेव्हा, इथे जाम नदीवर गोटमार होते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि पांढुर्णा व सावरगाव हे दोन काठ एकमेकांवर दगड फेकतात. झेंडा शेवटी चंडीमातेच्या मंदिरात जातो. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी नदी ओलांडताना मारले गेले, अशी आख्यायिका यामागे सांगतात.

दरवर्षी शेकडो जखमी होतात, माणसं मेलीही आहेत. प्रशासन जमावबंदी लावतं, अँब्युलन्स उभ्या ठेवतं, तरी गोटे थांबत नाहीत. इथल्या माणसांवर माझा जीव आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो: पूजा, झाड आणायची मिरवणूक, देवीचं दर्शन हे सगळं राहावं, दगड बंद व्हावेत. नवीन घराने त्या दिवशी मुलांना नदीकडे जाऊ देऊ नये, औषधं आणि दूध आदल्या दिवशीच आणावं, आणि बाहेरगावी जायचं असल्यास रस्ता कुठून बंद आहे ते विचारून निघावं.

संत्र्याचे दोन हंगाम

हा संत्र्याचा पट्टा आहे. आंबिया बहाराची फळं नोव्हेंबर-डिसेंबरात येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. मृगाचं फळ जास्त गोड असतं असं इथले बागायतदार सांगतात आणि मलाही ते पटतं. पहिल्या वर्षी बाजारातून किलोने घ्याल, दुसऱ्या वर्षी कोणाच्या तरी वाडीतून थैली येईल. देठ कापून तोडलेली घ्यावीत. ओढून तोडलेली लवकर सडतात.

मृगाचं शेवटचं फळ येतं तेव्हा ऊन चढू लागलेलं असतं आणि कूलरच्या ताट्या बदलायची वेळ होते. ताट्या बसवणाऱ्याला फेब्रुवारीतच सांगून ठेवा. मार्च लागला की सगळी गल्ली त्यालाच बोलावते.