बटण तेच, आवाज वेगळा

नवघर रोडवरच्या चार-पाच मजली इमारतींत राहणाऱ्यांना पाण्याची एक गोष्ट चांगली ठाऊक असते. गच्चीवरच्या टाकीखालच्या शेवटच्या मजल्यावर नळ पूर्ण सोडला, तरी धार बारीक. तळमजल्यावर तोच नळ अर्धा सोडला की बादली भराभर भरते. नळ सारखाच, मागचा दाब वेगळा. हाय-फाय ॲम्प्लिफायरवरचं आवाजाचं बटणही असंच वागतं.

भाईंदर पूर्वेतल्या अशाच एखाद्या घराची कल्पना करा. रविवारी सकाळी आजोबा जुन्या कॅसेट डेकवर ‘गीतरामायण’ ऐकताहेत. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ही गाणी त्यांना तोंडपाठ आहेत. कॅसेट संपते, नातू इनपुट बदलून टीव्हीची ऑप्टिकल जोडणी निवडतो, नवं गाणं लावतो आणि खिडकीची तावदानं थरथरतात. बटणाला कुणी हात लावलेला नाही. नातू म्हणतो, “बघा आजोबा, डिजिटल किती दमदार!” त्याचा हा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

ॲनालॉग जोडणीत तारेतून येणारा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, हाच आवाज असतो. प्रत्येक यंत्राचा दाब निराळा. रेकॉर्ड प्लेअरच्या साध्या सुईतून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात, म्हणून तिच्यासाठी ‘फोनो’ असं लिहिलेलं वेगळं छिद्र आणि जादा वर्धन लागतं. कॅसेट डेक किंवा रेडिओ ट्यूनरमधून साधारण पाव ते अर्धा व्होल्ट मिळतो. १९८०च्या दशकात सीडी प्लेअर आले, तेव्हा त्यांचा सर्वोच्च दाब २ व्होल्टच्या आसपास ठेवण्याची रीत पडली.

डिजिटल तारेतून मात्र फक्त आकडे येतात. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत सेकंदाला ४४,१०० वेळा नोंद होते आणि प्रत्येक नोंद ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसते. सर्वात वरच्या पायरीला किती व्होल्ट द्यायचे, हे ॲम्प्लिफायरमधला डिजिटलचं ॲनालॉग करणारा भाग, म्हणजे डॅक, ठरवतो. तिथेही बहुधा २ व्होल्टच्या आसपासचाच आकडा असतो.

आता हिशेब करू. एकीकडे कॅसेट डेकचे ०.३१६ व्होल्ट, दुसरीकडे डॅकचे २ व्होल्ट. फरक सव्वासहा पट, म्हणजे १६ डेसिबल. कानाला साधारण दर १० डेसिबलला आवाज दुप्पट वाटतो, म्हणून हा फरक तिपटीचा भासतो. स्पीकरकडे जाणारी शक्ती मात्र ४० पट वाढते. अर्ध्या वॅटवर गुणगुणणाऱ्या स्पीकरवर अचानक २० वॅट येऊन आदळतात.

कधी उलटही घडतं. चित्रपटांत स्फोट आणि वादळांसाठी वरच्या पायऱ्या मोकळ्या ठेवतात, त्यामुळे संवाद खालच्या पायऱ्यांवर राहतात आणि डिजिटल इनपुट मंद वाटतो. ध्वनीची सरासरी पातळी ठरवण्याचे नियमही सगळीकडे सारखे नाहीत. युरोपातल्या प्रसारणाचं प्रमाण उणे २३ एलयूएफएस (हे या पातळीचं एकक) आहे, तर स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ वर आणतं. इथेच ९ डेसिबलचं अंतर पडलं.

खरा धोका आपल्या कानाच्या स्वभावात आहे. १९३३ साली बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं, की आवाज कमी असताना खर्जाचे स्वर आपल्याला फारच दबलेले ऐकू येतात. आवाज वाढला की तेच स्वर उठून येतात आणि गाणं भरीव वाटतं. म्हणून मोठा वाजणारा इनपुट ‘चांगला’ ठरतो. महागडी केबल किंवा नवं यंत्र घेताना ग्राहक फसतो तो इथेच.

यावर उपाय सोपा आहे. दोन्ही इनपुटवर १०० हर्ट्झचा एकच सूर एकाच पातळीवर वाजवा आणि स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून आकडे पाहा. फरक एक टक्क्याच्या आत आणा. म्हणजे तो ०.१ डेसिबलच्याही खाली जातो. मगच कोणता इनपुट चांगला ते ठरवा. बऱ्याच ॲम्प्लिफायरच्या मेनूमध्ये प्रत्येक इनपुटची पातळी वेगळी जुळवायची सोय असते. ती एकदाच नीट लावून ठेवली, की रोजचा धक्का टळतो. ती नसेल, तर इनपुट बदलण्याआधी आवाज कमी करण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा.

ही सवय शेजाऱ्यांसाठीही आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. एकमेकांना भिंती लागून असलेल्या आपल्या घरांत १६ डेसिबलची उडी शेजारच्या झोपलेल्या बाळापर्यंत पोहोचते. इनपुटच्या बटणाला हात लावण्याआधी आवाजाचं बटण खाली आणा.