एकच बिल, दोनदा पास!

पैसे एकदा मिळायची मारामार, आणि इथे चक्क दोनदा जमा! फ्रीलान्सरच्या आयुष्यात असं होतं? माझ्या झालं.

रत्नागिरीतल्या एका ऑफिससाठी मी माहितीपत्रक लिहिलं होतं. मेलवर बिल पाठवलं. आठवडाभर सामसूम. मग तीच फाइल ‘रिमाइंडर’ असं नाव देऊन पुन्हा धाडली. तिकडे मेलमधलं बिल उचलून थेट पेमेंटपर्यंत नेणारी नवीकोरी सिस्टिम बसली होती. तिने दोन्ही इमानेइतबारे पास केली!

एक रात्र मोहात काढली, सकाळी फोन केला आणि जादाचे पैसे परत केले. ऑफिसनेही नियम कडक केला: तीच व्यक्ती, तीच रक्कम, की बिल बाद. पुढच्या महिन्यात मी नवं काम केलं, मानधन तेवढंच. बिल गेलं ‘डुप्लिकेट’च्या खात्यात! त्या महिन्याचं घरभाडं मैत्रिणीकडून उसनं घेऊन भरलं.

शेजारचे काका सरकारी ऑफिसात बारनिशीला होते, म्हणजे येणारा प्रत्येक कागद नोंदवायचा. माझी कथा ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “अगो, तुझ्या बिलावर नंबर काय होता?”

नंबर? मी कधी टाकलाच नव्हता!

“मग मशीन ओळखणार कशावरून? आमच्याकडे एकच अर्ज तीन साहेबांकडून फिरून यायचा. आधीची नोंद शोधायची, सापडली की त्यालाच जोडायचा.”

काकांची वही आणि आजचं सॉफ्टवेअर, तत्त्व एकच. फाइलचं नाव बदललं तरी आतला मजकूर तसाच असेल, तर ‘हॅश’ नावाचा तिचा डिजिटल ठसा तोच राहतो. माझा रिमाइंडर तिथेच पकडला गेला असता. पण तोच कागद पुन्हा स्कॅन केला तर ठसा बदलतो. म्हणून कागदाची ओळख लागते ती आतल्या माहितीवरून.

जीएसटीचं ई-इन्व्हॉइस हेच करतं. १ ऑक्टोबर २०२० पासून आधी मोठ्या कंपन्यांना ते लागू झालं, १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांनाही. विकणाऱ्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर या चौघांतून ६४ अक्षरांची खूण तयार होते. तेच चौघे पुन्हा आले की पोर्टल बिल परत पाठवतं. गंमत पाहिलीत? या चौघांत रक्कम नाहीच!

आणखी एक गोची आपल्या कोकणातली. पावसात लाइट जाते. पेमेंट झालं, पण ‘झालं’ ही नोंद राहिली, तर लाइट आल्यावर सिस्टिम तेच काम पुन्हा करणार. म्हणून ओळखीची नोंद आधी, पैसे नंतर. मध्येच अडकलेलं बिल आपोआप पुन्हा चालवायचं नाही, आधी बँकेचं स्टेटमेंट पाहायचं. आणि संशयित बिल परस्पर बाद न करता माणसासमोर ठेवायचं. कुणाचं तरी भाडं त्यावर अवलंबून असतं, बॉस!

माझं अडकलेलं बिल अखेर सुटलं. आता प्रत्येक बिलावर नंबर टाकते, आणि रिमाइंडरमध्ये बिल जोडत नाही, फक्त तो नंबर लिहिते. तुमच्या शेवटच्या बिलावर नंबर होता का? बघा जरा!