रंगमहालाच्या भिंती
(वाडे आणि वस्ती : लेखांक सातवा)

सटाण्याचा लौकिक देवमामलेदार यशवंतराव महाराजांमुळे आहे, रंगविलेल्या वाड्यांमुळे नव्हे. परंतु गेल्या लेखांकात वाड्याची लाकडी बांधणी वाचून ज्यांच्या मनात त्याच्या भिंतींविषयी कुतूहल उत्पन्न झाले असेल, त्यांनी राजस्थानच्या प्रवासाचा बेत आखण्यापूर्वी एखाद्या सकाळी देवळ्यामार्गे चांदवड गाठावे.

मुंबई-आग्रा रस्त्यावरचे, डोंगराच्या कुशीतले हे गाव होळकरांच्या अमलातले. येथे त्यांची टांकसाळ होती, आणि तिच्यातून पडलेला चांदवडी रुपया आसपासच्या मुलखात चालत असे. १७६७ ते १७९५ पर्यंत दौलतीचा कारभार पाहणाऱ्या अहिल्याबाईंची राजधानी नर्मदाकाठी महेश्वरास असली, तरी दक्षिणेतील या ठाण्याकडे त्यांचे दुर्लक्ष नव्हते. येथील रंगमहाल हा वाडा त्याची साक्ष.

नाव ऐकून येणारा मनुष्य मात्र दाराशीच हिरमुसतो. समोर उंच तट आणि गढीला शोभेलसा दरवाजा. रंगाचा मागमूस नाही. राजस्थानातील शेखावाटीत, मंडावा-नवलगढकडे, सावकारांनी हवेलीची रस्त्याकडील भिंतच चित्रांनी भरून टाकली, कारण त्यांना आपली पत भर बाजारात दाखवावयाची होती. उलट येथील रंग, ज्यांना दरबारात येण्याची मुभा होती, तेवढ्यांच्याच नजरेसाठी राखलेला. सरदाराला बाहेरून दरारा हवा आणि आत वैभव, असा माझा तर्क आहे. आपल्याकडील पावसाळाही विसरून चालणार नाही.

कारण मराठी वाड्यांतील बहुतेक चित्रे ओल्या गिलाव्यात मुरविलेली नसून वाळल्या चुन्यावर काढलेली आहेत. चुन्याचा हात घोटून गुळगुळीत करावयाचा, त्यावर गेरूने किंवा काजळीने रेखा आखावयाची, आणि मग डिंकात किंवा सरसात खललेले गेरू, हरताळ, नीळ असे रंग भरावयाचे, ही त्यांची रीत. असा रंग भिंतीच्या अंगी लागत नाही, अंगावर राहतो. ओल चढली की पापुद्रा सुटतो आणि खालचा पांढरा चुना उघडा पडतो. रंगमहालाच्या दरबारात, कोरीव सागवानी खांबांच्या वर, रामायण-महाभारतातील प्रसंग आणि दरबारी दृश्ये पाहताना कोठे केवळ रेघ उरली आहे आणि कोठे रंग, हे न्याहाळावे; चिताऱ्याचा हात रंगापेक्षा रेघेतच अधिक ओळखू येतो.

शनिवारवाड्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी जयपूरचा भोजराज नावाचा चितारी आणविला होता. ते सारे काम १८२८ च्या आगीत गेले. त्यामुळे पेशवाईतील भिंती कशा दिसत असतील, हे आज पुण्यात नव्हे, चांदवड, वाई, मेणवली अशा आडबाजूच्या ठिकाणी जाऊन पाहावे लागते. आणि तेथेही चित्राच्या कडेने खिळ्याने आपले नाव कोरणारे महाभाग पोहोचलेले असतातच. रंगमहालात तिन्हीसांजेला जाऊ नये, दरबारात अंधार होतो. उन्हे चढण्यापूर्वी चित्रे पाहून चांदवडच्याच रेणुकामातेच्या दर्शनास जाणे सोयीचे.

पुढील लेखांकात कृष्णाकाठी, मेणवलीच्या नाना फडणिसांच्या वाड्याकडे वळू.