शिष्टाचाराची पहिली शाळा

घरी पाहुणे येतात. आई मुलाला हाक मारते, ‘काकांना नमस्कार कर.’ मुलगा मोबाइलवरची नजर जेमतेम उचलून हात जोडल्यासारखे करतो आणि आतल्या खोलीत निघून जातो. पाहुण्यांची पाठ फिरताच त्याची कानउघाडणी होते. ‘हल्लीच्या मुलांना वळण म्हणून नाही’ हा शेराही मारला जातो. त्याच सायंकाळी इस्त्रीचे कपडे घेऊन आलेल्या साठीच्या गृहस्थांना त्याच दारात ‘काय रे, किती उशीर केलास?’ असे विचारले जाते. मुलाच्या कानावर दोन्ही वाक्ये पडतात. त्यातले दुसरे अधिक खोल रुजते, कारण ते शिकवण्यासाठी उच्चारलेले नसते.

तरुण पिढीच्या वागणुकीविषयीची तक्रार नवी नाही. मात्र शिष्टाचार शिकवायचा म्हणजे नेमके काय करायचे, याचा विचार त्या मानाने कमी होतो. ‘शिष्ट’ हा शब्द संस्कृतातील ‘शास्’ या धातूपासून आला आहे. शिष्य, शासन, अनुशासन हे शब्दही त्याच कुळातले. शिष्ट म्हणजे ज्याला वळण लावले गेले आहे असा. याचा अर्थ, कोणीही जन्मतः शिष्ट नसतो आणि एखादा तरुण अशिष्ट वाटला, तर प्रश्न त्याच्याइतकाच त्याला वळण लावणाऱ्यांनाही विचारायला हवा. बोलीभाषेत मात्र ‘फार शिष्ट आहे’ असे आपण तुसड्या, आढ्यतेखोर माणसाला म्हणतो. आपुलकी वजा केली की उरलेल्या शिष्टाचाराचे काय होते, हे भाषेनेच सांगून ठेवले आहे.

मुले उपदेशापेक्षा अनुकरणातून शिकतात, या सामान्य अनुभवाला मानसशास्त्राचाही आधार आहे. अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. हवेने फुगवलेल्या बाहुल्याला मोठ्या माणसाने मारताना, त्याच्यावर ओरडताना ज्या मुलांनी पाहिले, त्यांपैकी अनेकांनी पुढे तशीच कृती केली, तेच शब्दही उच्चारले. कोणी त्यांना तसे करायला सांगितले नव्हते. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ ही म्हण वेगळे काय सांगते?

अनुकरणाला वयाबरोबर समजुतीची जोड लागते. लहान मुलांना नियम हा वरून लादलेला आणि अटळ वाटतो. वाढत्या वयात मात्र नियम एकमेकांच्या सोयीसाठी संमतीने ठरतात, हे त्यांना उमगू लागते, असे जाँ पियाजे यांनी १९३२ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. म्हणून पाच वर्षांच्या मुलाला ‘असे करायचे असते’ एवढे पुरते, पण पंधरा वर्षांच्या मुलाला त्यामागचे कारण सांगावे लागते. गाडीत आधी उतरणाऱ्यांना वाट द्यायची, कारण त्यानेच चढणाऱ्यांना जागा होते. पाठीवरची सॅक गर्दीत पुढे घ्यायची, कारण तिचा धक्का आपल्याला जाणवत नाही, मागच्याला जाणवतो. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायचे, कारण त्यात परत भेटण्याचे आश्वासन आहे. तिघांच्या बाकावर चौथ्यासाठी सरकून घेणारा मुंबईचा लोकल प्रवासी कोणत्याही वर्गात हे शिकलेला नसतो. कधीतरी दुसरा कोणी त्याच्यासाठी सरकलेला असतो.

मराठीत तर शिष्टाचार थेट सर्वनामात येऊन बसला आहे. तू, तुम्ही आणि आपण यांतली निवड प्रत्येक वाक्यात करावी लागते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ‘यू’ या एकाच शब्दाची सवय असल्याने हा फरक त्यांना मुद्दाम समजावून द्यावा लागतो. आईला ‘अगं आई’ म्हणण्यात अनादर नसतो, तिथे ‘तू’ प्रेमाचा असतो. पण साहेबांना ‘तुम्ही’ आणि त्यांच्याच वयाच्या रखवालदाराला ‘तू’, हे ऐकत वाढलेले मूल आदर वयाला नव्हे, तर हुद्द्याला द्यायचा असतो, एवढेच शिकते.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये, अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका वृद्धेच्या डोक्यावर मोळी उचलून द्यायला आई श्यामला पाठवते. त्या काळच्या रूढ शिष्टाचारात हे बसणारे नव्हते. रीत आणि माणुसकी यांत अंतर पडते, तेव्हा कोणाची बाजू घ्यायची, हा धडा तिने प्रत्यक्ष प्रसंगातूनच दिला.

म्हणूनच शिष्टाचार आणि निमूटपणा यांची गल्लत होता कामा नये. वडीलधाऱ्यांशी असहमत होताना आवाज न चढवणे हा शिष्टाचार आहे, पण त्यांची चूक दिसत असूनही गप्प बसणे हा नव्हे. एखाद्या पाहुण्याची जवळीक मुलाला नकोशी वाटत असेल, तर ‘मोठ्यांना नाही म्हणू नये’ हा नियम त्याच्यावर लादणे धोक्याचेही ठरू शकते. नम्रपणे नकार कसा द्यायचा, हेही शिकवायलाच हवे.

चार लोकांत केलेला पाणउतारा मुलाला शिष्टाचारापेक्षा अपमानच अधिक शिकवतो. चूक एकांतात दाखवावी. मुलाच्या खोलीत जाताना दारावर टकटक करावी, त्याने पाणी आणून दिले तर आभार मानावेत आणि स्वतःचे चुकल्यास त्याची क्षमा मागावी. ज्याला आदर मिळतो, त्यालाच तो देता येतो. इस्त्रीवाल्या काकांना ‘दमलात का? पाणी घेता?’ असे एकदा घरातून विचारले गेले, तर पुढच्या वेळी पाण्याचा पेला घेऊन बहुधा मुलगाच दारात जाईल.