हिरकणीची कथा आणि जपानमधील कामकरी माता

महाड तालुक्यात रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी हे लहानसे गाव आहे. १९९६ साली येथून गडावर जाणारा रज्जुमार्ग सुरू झाल्यापासून प्रवासी काही मिनिटांतच गडमाथ्यावर पोहोचतो. परंतु या गावाचे नाव ज्या लोककथेशी निगडित आहे, ती गड उतरण्याची कथा आहे. दूध विकण्यास गडावर गेलेली हिरकणी गवळण परत निघण्यापूर्वीच सूर्यास्त झाला आणि नियमाप्रमाणे दरवाजे बंद झाले. घरी तान्हे मूल असल्याने ती अंधारात कडा उतरून गेली. पुढे शिवाजी महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधविला, असे परंपरा सांगते.

या कथेचे तात्पर्य सामान्यतः मातृप्रेम असे सांगण्यात येते व ते यथार्थच आहे. तथापि श्रमाच्या समाजशास्त्राचा अभ्यासक तिच्याकडे आणखी एका दृष्टीने पाहू शकेल. दरवाजा बंद होण्याची वेळ गडाच्या संरक्षणाच्या गरजेवरून ठरलेली होती. मुलाला पाजण्याच्या वेळेचा तिच्याशी काहीही संबंध नव्हता. शिवाय बुरूज बांधल्यामुळे जी वाट हिरकणीने शोधली तीच बंद झाली. मातेचा गौरव झाला. दरवाजाची वेळ मात्र होती तीच राहिली. कामाची वेळ आणि संगोपनाची वेळ यांतील हाच विरोध आधुनिक जपानविषयीच्या सामाजिक संशोधनाचा एक प्रमुख विषय होऊन बसला आहे.

जपानच्या औद्योगिकीकरणाच्या पहिल्या पर्वात कापड व रेशीम गिरण्यांतील कामगारवर्ग मुख्यतः स्त्रियांचा होता. खेड्यांतून आणलेल्या अविवाहित मुलींना गिरणीच्या वसतिगृहात ठेवण्यात येई व त्यांच्या बाहेर जाण्यावर कडक निर्बंध असत. होसोई वाकिझो याने १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या जीवनाचे विदारक वर्णन आहे. मुंबईच्या गिरण्यांत याच काळी काम करणाऱ्या स्त्रियांत विवाहित स्त्रिया व माता पुष्कळ होत्या. यास्तव मातृत्वाचा प्रश्न मुंबईत कारखान्याच्या आतच उभा राहिला, तर जपानी गिरणीने विवाहापूर्वीच्या काही वर्षांचेच श्रम घेऊन तो आपल्या दाराबाहेर ठेवला.

महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. १९४७ च्या श्रममानक कायद्याने एक वर्षाच्या आतील मूल असलेल्या स्त्रीला दिवसातून दोन वेळा, प्रत्येकी निदान अर्धा तास, मुलाच्या संगोपनासाठी देण्याची तरतूद केली. परंतु ही सवलत उपभोगण्यासाठी माता नोकरीत राहणे आवश्यक होते, आणि मोठ्या कंपन्यांची व्यवस्था नेमकी याच्या आड येत होती. जेम्स अबेग्लेन यांनी १९५८ मध्ये जपानी कारखान्याचे जे विवेचन केले, त्यात कामगार व कंपनी यांच्यामधील आजीवन बांधिलकी हे त्याचे मुख्य लक्षण मानले. शिक्षण संपताच नोकरीत शिरावे, तेथेच शिकावे, सेवाकालाप्रमाणे वेतन वाढावे, असा हा क्रम होता. मध्ये खंड पडला की तो क्रमच तुटे.

चिए नाकाने यांनी भारतातील क्षेत्रकार्यानंतर १९६७ मध्ये ‘उभ्या समाजा’ची उपपत्ती मांडली. भारतीय मनुष्य आपली ओळख जातीसारख्या गुणविशेषावरून सांगतो, तर जपानी मनुष्य आपण ज्या चौकटीत वावरतो तिच्यावरून, म्हणजे घराण्यावरून वा कंपनीवरून सांगतो, असा तिचा सारांश आहे. अशी चौकट मनुष्याची संपूर्ण निष्ठा मागते. या उपपत्तीवरून एक अनुमान सहज निघते. घर आणि कंपनी या दोन्ही चौकटींची मागणी पूर्ण असेल, तर दोहोंचा भार एकाच व्यक्तीला पेलणे दुष्कर होय. पुरुषाने कंपनी व स्त्रीने घर सांभाळावे, ही वाटणी केवळ रूढीतून आलेली नव्हती. कंपनीच्या रचनेनेही ती आवश्यक करून ठेवली होती.

विवाह होताच स्त्रीने नोकरी सोडावी, असा नियमच कित्येक कंपन्यांत होता. सुमितोमो सिमेंटच्या प्रकरणात टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने १९६६ मध्ये असा नियम रद्दबातल ठरविला. स्त्री व पुरुष यांच्यासाठी निवृत्तीचे वय निरनिराळे ठेवणारा निस्सान कंपनीचा नियम जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये अवैध ठरविला. योगायोग असा की त्याच वर्षी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाच्या हवाई सेविकांच्या प्रकरणात पहिल्या गर्भारपणी सेवा समाप्त करण्याचा नियम रद्द केला. मात्र नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह करण्यावरील बंदी कायम ठेवली.

या व्यवस्थेचे चित्र अर्थशास्त्रज्ञ एका वक्ररेषेने दाखवितात. आडव्या अक्षावर वय आणि उभ्या अक्षावर श्रमशक्तीतील स्त्रियांचे प्रमाण मांडले असता रोमन लिपीतील ‘एम’ अक्षराची आकृती मिळते. विवाहापूर्वी प्रमाण वाढते, मुले लहान असताना घसरते आणि ती मोठी झाल्यावर पुन्हा वाढते. १९७५ मध्ये पंचवीस ते एकोणतीस वयोगटात हे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते. मेरी ब्रिंटन यांनी १९९३ च्या ग्रंथात दाखविले की, जपानच्या आर्थिक उत्कर्षात स्त्रियांचा वाटा मोठा असूनही शिक्षण, कुटुंब व कंपनी यांच्या परस्परांत गुंतलेल्या व्यवस्थेने त्यांना दुय्यम स्थानी ठेवले. युको ओगासावारा यांच्या १९९८ च्या अभ्यासात कार्यालयीन स्त्रिया असहकार व कुजबूज यांच्या साहाय्याने वरिष्ठांना कसे जेरीस आणतात हे दिसते. परंतु या उपायांनीच त्यांच्याविषयीचा पूर्वग्रह दृढ होतो, हेही त्या दाखवितात.

शासनाचे धोरणही परस्परविरोधी राहिले. समान रोजगारसंधीचा कायदा १९८५ मध्ये संमत होऊन पुढील वर्षी अंमलात आला. त्याच १९८६ मध्ये, नोकरदार पतीवर अवलंबून असलेल्या पत्नीला स्वतः वर्गणी न भरता निवृत्तिवेतनाचा हक्क देणारी योजना सुरू झाली. एका हाताने दरवाजा उघडला, दुसऱ्या हाताने घरी राहण्यास उत्तेजन दिले. १९८९ मध्ये जननदर १.५७ पर्यंत उतरल्याचे उघड होताच मोठी खळबळ उडाली आणि १९९१ मध्ये बालसंगोपन रजेचा कायदा झाला. पाळणाघरात जागा न मिळालेल्या मुलांची संख्या २०१७ मध्ये २६,०८१ होती. २०२४ पर्यंत ती तीन हजारांच्या खाली आली. ‘एम’ची दरी आज बहुतांशी बुजली आहे. तरीही कायम नोकरीतील स्त्रियांचे प्रमाण पंचविशीनंतर सतत उतरते, आणि २०२४ मध्ये जननदर १.१५ वर येऊन ठेपला. दरवाजा उघडा दिसला तरी आत येणाऱ्या मातेला बहुधा अल्पवेतनाच्या व अस्थायी कामाकडेच वळावे लागते.

महाडच्या वाचकाला हा प्रश्न परका नाही. १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह करणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी पुढच्याच वर्षी मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाचा पुरस्कार केला. मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित होय, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ चा मुंबईचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानातील या प्रकारचा पहिला कायदा ठरला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दोन विराम दिले. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची रजा आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थांत पाळणाघर आवश्यक केले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी समाविष्ट झाल्या. एसटी स्थानकांवर व सरकारी कार्यालयांत स्तनपानासाठी राखलेल्या खोल्यांना महाराष्ट्रात ‘हिरकणी कक्ष’ असे सार्थ नाव मिळाले आहे.

परंतु येथे एक विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. हे कायदे कारखाना, खाण, मळा, दुकान अशा आस्थापनांतील नोकरदार स्त्रीसाठी आहेत. जपानमध्येही बालसंगोपन रजेतील भत्ता रोजगार विम्यातून मिळत असल्याने स्वतंत्र धंदा करणारी स्त्री त्याला मुकते. डोक्यावर दुधाची चरवी घेऊन गड चढणारी हिरकणी कोणाचीच नोकर नव्हती. तिच्या नावाने कक्ष उघडले असले, तरी आज ती असती तर यांपैकी कोणत्याही रजेला ती पात्र ठरली नसती.

जपानच्या अनुभवावरून तुलनात्मक अभ्यासाला जी दिशा मिळते ती हीच होय. मातेला किती सवलती दिल्या एवढेच मोजून भागत नाही. कामाचे तास, सेवेतील सातत्य, करांचे व विम्याचे नियम कोणत्या प्रकारच्या मनुष्याला अनुलक्षून ठरविले गेले, हे पाहावे लागते. २०२३ मध्ये जपानातील संगोपन रजा घेणाऱ्या पित्यांचे प्रमाण ३०.१ टक्क्यांवर पोहोचले, ही घटना या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण आहे. कारण तिच्यामुळे सवलत मागणारी व्यक्ती अपवाद न राहता, दरवाजाची वेळच पुन्हा ठरविण्याचा प्रश्न सर्वांपुढे येतो. महाड–पोलादपूरच्या डोंगराळ गावांत शेती, दूधधंदा व मोलमजुरी करणाऱ्या स्त्रियांच्या दिवसाचे वेळापत्रक कोण ठरवितो, याचा अभ्यास झाल्यास हिरकणीच्या कथेचा उरलेला भागही उलगडू शकेल.