मुळांचा शोध (लेखांक ६) : धोंडस कुणाच्या माहेरचं?

गेल्या आठवड्यात आपण कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याचा छापील इतिहास, कसा वाचायचा ते पाहिलं. मूळ पुरुष, पिढ्यांचे क्रमांक, कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर, कुठली शाखा घाटावर गेली आणि कुठली गावाला चिकटून राहिली. पेंडसे, गोगटे अशा घराण्यांनी हे ग्रंथ हौसेनं छापले. मॉरीन पॅटर्सन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी तर चित्पावनांच्या कुलवृत्तांतांवर निबंधच लिहिला. तो १९६८ साली प्रसिद्ध झाला.

आज त्याच ग्रंथांतली, आपण घाईत ओलांडून जातो ती ओळ घेऊ. पुरुषाच्या नोंदीत बायकोचं सासरचं नाव, माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि पुष्कळदा माहेरचं गाव दिलेलं असतं. वंशवृक्षाच्या घडीपत्रकावर मात्र ही बाई नसते. तिथं बापाखाली मुलगे, मुलग्यांखाली नातू. आता घराण्याची ‘परंपरा’ म्हणून आपण जे पदार्थ मिरवतो, ते या मुलग्या-नातवांनी केले होते थोडेच!

रत्नागिरीकडचं धोंडस घ्या. भट्टी नाही, अंडं नाही, सोडा नाही, तरी हा भाजलेला केकच. पावसाळ्यात वेलावर धरलेली मोठी तवशी (काकड्या) पिकून पिवळी झाली की सुंभात अडकवून आढ्याला टांगतात, ती दिवाळीपर्यंत सहज टिकतात. त्यातलं एक उतरवायचं, बिया काढून किसायचं. तांदळाचा जाडसर रवा तुपावर खमंग भाजायचा. किसाला सुटलेलं पाणी फेकायचं नाही, कारण रवा फुलतो तो त्याच पाण्यावर. गूळ, ओलं खोबरं, वेलची, चवीपुरतं मीठ. मिश्रण शिजून सैलसर झालं की जाड बुडाच्या टोपात थापायचं. चुलीतली धग ओढून घ्यायची, खाली जेमतेम निखारे ठेवायचे, टोपावर परात आणि परातीत करवंट्यांचे निखारे. खरी मेख वरच्या निखाऱ्यांत आहे. नुसतं खालून तापवलं तर बूड करपतं आणि वरचा थर लापशीसारखा ओला राहतो. वरून कोरडी धग मिळाली की पाणी उडतं, गूळ तांबूस होतो आणि कड टोपापासून सुटते. ओव्हनमध्येही होतं, चांगलं होतं. पण धुराचा तो किंचित वास येत नाही, आणि माझ्या मते निम्मी चव तिथंच असते.

आता शेजारच्या घरी जा. तिथं टोपाच्या तळाला हळदीचं पान असेल. आणखी कुठं नारळाचं दूध, कुठं काजूगर, कुठं रवा कोरडाच भाजलेला. विचारलं की उत्तर ठरलेलं: “आमच्यात असंच करतात.” या ‘आमच्यात’मध्ये नेमकं कोण, ते खोदून विचारायचं. सासूकडून की आईकडून? सासूकडून असेल, तर सासूचं माहेर कुठलं? दोन प्रश्नांत तुम्ही आडनाव ओलांडून भलत्याच गावात पोचता. मग कुलवृत्तांतातली ती ओळ उघडायची आणि गाव जुळतं का पाहायचं. जुळलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. हळदीचं पान परसात असलं की कुणीही घालतं. पण शोधाला दिशा मिळते.

पदार्थावरून बाईच्या माहेरापर्यंत पोचणं चेक मंडळींना सोपं जातं. एकोणिसाव्या शतकात मोराव्हिया-बोहेमियातून टेक्सासला गेलेल्यांचे वंशज आजही कोलाचे भाजतात: आंबवलेल्या पिठाची मऊ गोल पोळी, मधल्या खळग्यात खसखस किंवा सुकवलेल्या प्लमचं सारण. सम्राट दुसऱ्या जोसेफनं १७८४ साली चर्चच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदवह्यांना ठरावीक नमुना घालून दिला. पुढच्या काळातल्या जन्मनोंदींत बाळाच्या आईबरोबर तिच्या वडिलांचं नावही सापडतं. त्या वह्यांची पानं आता घरबसल्या फुकट पाहता येतात.

आपल्याकडे बाईची स्वतंत्र नोंद मिळते ती अनपेक्षित ठिकाणी. १८३४ पासून मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्यांत कोकणातली माणसंही होती. त्यांची दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. त्यांत बाईलाही स्वतःचा क्रमांक आहे. तिला कुलवृत्तांतात जे मिळालं नाही ते गिरमिटाच्या, म्हणजे मजुरीच्या कराराच्या, कागदावर मिळालं, हे वाचून हसावं की रडावं कळत नाही. एक सावधगिरी: जुन्या कागदात जिल्हा रत्नागिरी दिसला म्हणून आजच्या नकाशात शोधू नका. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. तोवर मालवण, देवगड, वेंगुर्लेसुद्धा रत्नागिरीतच.

ज्यांच्या घराण्याचा ग्रंथ कुणी छापला नाही, आणि कोकणात अशीच घरं जास्त, त्यांनी तलाठ्याकडचे जुने फेरफार काढावेत. वारस नोंदीत मयताची विधवा आणि मुली नावानिशी सापडू शकतात. तिचं माहेर मात्र कागदावर बहुधा नसतंच. ते आत्याला किंवा मावशीला विचारावं लागतं, आणि ते यंदाच्या दिवाळीआधी विचारलेलं बरं. धोंडस करताना विचारा, हात कामात असले की बायका मोकळं बोलतात. वाट्यांचं प्रमाण नंतर लिहा, आधी गावाचं नाव.

पुढच्या आठवड्यात : कोतवाल बुकातल्या जन्मनोंदी.